रेड्याचं कुलूप आणि बोरखेडीची पांदण

आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चिखलातून गाडी काढणं. माघ महिना होता. पाटाचं पाणी फुटून वावराच्या तोंडाशी राडा झालेला, गाडीच्या मागच्या उघड्या डाल्यात शेवंतीची गाठोडी, आणि मागचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरून राहिलेलं. मी डावीकडं मान वळवून म्हटलं, "उतर ना वं."

"उतरतोच हावो," ती म्हणाली. आमच्या वऱ्हाडात बायासुद्धा 'उतरतो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी इथं थांबून हसून घ्यावं आणि मग पुढं यावं.

ती उतरली, लुगडं खोचलं, बांधावरच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, कवेत धरून आणल्या आणि चाकाखाली सारल्या. मग डाल्याच्या डाव्या कोपऱ्यावर चढून बसली. चाकावर वजन पडलं, चाकानं काड्या दातात धरल्या, गाडी निघाली. चाळीस वर्षं आमची हीच पद्धत.

सीटवर परत येऊन बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "आवो, भादव्यात आक्काची पाळी हाये. थ्या बोरखेडीच्या पांदणीत मी आता उतरनार नाही. माह्या गुडघ्यायनं राजीनामा देल्ला. ह्या रेड्याचं काही तरी करा."

"करतो ना."

"गेल्या साली बी करतोच म्हणे तुमी."

गाडीला ती रेडा म्हणायची. चिखल दिसला की बसतो म्हणून. जुनी लष्करी लिलावातली फोर-व्हील जीप आहे, मागून कापून मीच तिला डाला बसवून घेतला.

दोन दिवसांनी फुलं तोडता तोडता ती वाफ्यात खाली बसली आणि उठली नाही. डॉक्टरनं त्या दुखण्याचं नाव सांगितलं. नाव सांगून काय होते, असं मी त्याला विचारलं. त्यानं मला पाणी दिलं.

आता पाळीचं सांगतो. माझ्या सासूला दोन पोरीच. मरायच्या आधी तिनं महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे वाटून दिले, ज्येष्ठा थोरलीला, कनिष्ठा धाकटीला, म्हणजे माझ्या घरी. भांडी वाटावी तशी देवी वाटली, असं मी तेव्हा म्हटलं होतं. पण बुढी पक्की होती. महालक्ष्म्या आमच्याकडं एकट्या बसत नाहीत, जोडीनंच बसतात. म्हणजे दरसाल भादव्यात दोघी बहिणींना एकमेकींचं तोंड पाहणं भागच. एक साल आमच्या घरी, एक साल बोरखेडीला, थोरल्या आक्काकडं. यंदा माझ्या घरी सण नाही, पण पाळी बोरखेडीची. माझ्या घरची कनिष्ठा तिथं दिवेलागणीच्या आत पोचली नाही, तर त्यांची ज्येष्ठा पेटीतच राहणार. एकटं बसायची परवानगी देवाला नाही. ती सवलत माणसांना.

लोक हिमालयात जातात आणि पुस्तकं लिहितात. मी पातूरकडून निघून अकोला, अकोट, अंजनगाव करत परतवाड्याच्या पुढं गेलो आणि आलो. चौथी शिकलेल्या माणसाला एवढाच हिमालय झेपतो.

अकोला

जठारपेठेतून आत गेलं की रफिक मिस्त्रीचं गॅरेज लागतं. मी जीप आत घातली. कनिष्ठेचा मुखवटा बायकोच्या लुगड्यात गुंडाळून डाव्या सीटवर दोरीनं बांधला होता.

"चाचा, ये कौन बैठे हैं?" रफिकनं विचारलं.

"महालक्ष्मी हाय. तिले बोरखेडीले सोडाचं हाय."

रफिकनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, फडक्याला पुसले, गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या नव्या पार्टांच्या फळीवर, सगळ्यात वरती ठेवलं. मग लगेच परत हात काळे केले. सात महिन्यांत माझ्या घरी शोक करायला आलेल्या कित्येकांनी चपला काढल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "ह्याच्यात आता कोनी उतरनार नाही. असं काही तरी बसव."

मग त्यानं मला डिफरन्शियल समजावून सांगितलं. दोन मागच्या चाकांच्या मध्ये जो गोल डबा असतो, तो इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटतो. वळताना बाहेरचं चाक जास्त पळावं म्हणून तो दोघांना मोकळं सोडतो. पण एक चाक चिखलात घसरलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्याकडंच जाते आणि कोरड्यावर उभं असलेलं बिचारं चाक तमाशा पाहत राहतं.

"म्हंजे जो काम करत नाही त्यालेच सगळं," मी म्हटलं. "आमच्या गावात असे लय डिफरन्शियल हायेत."

"बराबर. अब हम लॉकर डालेंगे. खटका वढला का दोन्ही चाकं बांधले जाते. एक फिरंल तं दुसऱ्याले फिराच लागंल."

"लग्नासारखं."

"लग्नात भी इतना पक्का नहीं होता, चाचा."

लॉकर खोक्यात आला होता. मागचं हाऊसिंग, म्हणजे तो गोल डबा, उघडून तो बसवायला पूर्ण दिवस गेला. मी बाजेवर बसून पाहत होतो. दुपारी रफिकनं आलूबोंडा आणि तर्री मागवली. तर्री अशी की डोळ्यातून पाणी आलं. अकोल्याचा हा एक फायदा आहे, माणूस खाता खाता रडला तरी कोणी चौकशी करत नाही.

संध्याकाळी त्यानं सीटजवळ खटका बसवला आणि तीन गोष्टी सांगितल्या. फसायच्या आधी वढाचा, फसल्यावर नाही. सरळ जातानाच वढाचा. आणि पक्क्या रस्त्यावर सोडून द्याचा.

मी तिन्ही गोष्टींना मान हलवली आणि गॅरेजच्या अंगणातच खटका ओढून पाहिला. खट्ट असा आवाज आला. बरं वाटलं. तसाच रस्त्यावर निघालो. पहिल्याच वळणावर मी स्टेअरिंग डावीकडं वळवलं आणि रेडा सरळ गेला. टायर किंचाळले. समोर केळ्यांचा ठेला होता. ठेलेवाल्यानं दोन्ही हातांनी ठेला मागं ओढला म्हणून वाचलो.

"ओ बुढेबाबा! गाडी हाये का आगगाडी?"

"नवीन सामान बसवलं हाय," मी म्हटलं.

"सामान गाडीले बसवलं, डोकश्याले नाही बसवलं काय?"

खटका सोडला आणि त्याच्याकडून दोन डझन केळी घेतली. त्यातली निम्मी दबलेली होती, कोणी दाबली ते दोघांनाही माहीत होतं.

परतवाड्याकडे

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. रात्रभर भुरभुर चालू होती. अकोटपर्यंत दोन्हीकडं कपाशी आणि सोयाबीन, आकाश घोंगडीसारखं. कनिष्ठा डाव्या सीटवर, दोरी करकचून बांधलेली. खड्डा आला की मी सवयीनं म्हणायचो, "धर वं." देवीनं कधी धरलं नाही.

अंजनगावात पानमळे लागले. आमच्याकडं शेवंती-झेंडूला जसं पोरासारखं जपतात, तसं इथले लोक पानवेलीला जपतात. मळ्याजवळ चपला काढतात. बायको दर दोन सालानं इथं उतरायची आणि आक्काला न्यायला पानं घ्यायची, निवडून निवडून, पानवाल्याचा जीव काढून. मी पहिल्यानंच स्वतः घेतली. पानवाल्यानं सगळी फाटकी पानं मला दिली. गाडीत येऊन उघडून पाहिली, तर तिचं ते निवडणं काय होतं ते कळलं. उशीरच झाला, पण कळलं.

परतवाड्याच्या पुढच्या चहाच्या टपरीवर चार गाड्या उभ्या होत्या. सगळ्या चकचकीत, माणसाच्या कमरेएवढे टायर, टपावर लाईटच लाईट, नाकातून नळी वर काढलेली. कोण्या मोठ्या शहरातले पोट्टे चिखलदऱ्याच्या रानात मुद्दाम चिखल शोधायला आले होते. मी चाळीस वर्षं चिखल चुकवण्यात घालवली. हे लोक रजा टाकून चिखलाला भेटायला येतात. देव वाटणी करताना कुठं तरी लॉक लावायचं विसरला.

त्यातला एक टोपीवाला रेड्याभोवती फिरला, खाली वाकला, आणि ओरडला, "काका, तुमच्या गाडीला रिअर लॉकर आहे? मस्तच! कोणत्या टाइपचा?"

"खटक्याचा."

"आधी काय होतं? लिमिटेड स्लिप?"

"आधी आपोआप लागे. चाक फिरलं का खाली उतरे, काड्या टाके, कोपऱ्यावर बसे."

तो थोडा वेळ विचार करत राहिला. "हे कुठल्या कंपनीचं?"

"माह्या सासऱ्याचं. आता बनत नाही."

त्याला काय समजलं ते देव जाणे. पण त्यानं मला चहा पाजला आणि आपल्या गाडीचं पुढचं, मागचं आणि मधलं अशी तीन कुलपं दाखवली. मी म्हटलं, एवढी कुलपं तर आमच्या सावकाराच्या तिजोरीला नव्हती. तो मनापासून हसला. पोरगा वाईट नव्हता. निघताना म्हणाला, "काका, काळ्या मातीत जपून हं. टायरला चिकटली की लॉकर काही करू शकत नाही."

मला काळी माती शिकवत होता. मी त्याला दबलेली केळी दिली.

पांदण

डांबरी रस्ता सोडला की बोरखेडीपर्यंत पांदण आहे. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधली वाट. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात लापशी. ती पक्की होणार असं मी लग्नात ऐकलं होतं. माझ्या लग्नात.

दिवस बराच बाकी होता. डाव्या हाताला डोंगर ढगात गेलेला. मी पांदणीत शिरलो. खटका हाताशी होता, मिस्त्रीच्या तिन्ही गोष्टी पाठ होत्या. बाभळीच्या वळणापाशी, जिथं दरवेळी फसतो, तिथंच मागचं डावं चाक घसरलं. गर्र झालं.

आणि मी काय केलं ते आता लिहितो, कारण खोटं लिहायचं तर हिमालयाचंच लिहिलं असतं. मी रेस तशीच बारीक धरून ठेवली, डावीकडं मान वळवली आणि म्हटलं, "उतर ना वं."

आणि वाट पाहिली.

किती वेळ ते सांगता येत नाही. चाक फिरत होतं. लुगड्यातलं गाठोडं दोरीत बसलं होतं. ती उतरल्यावर दार लागल्याचा आवाज यायचा, मग "हां, चालू द्या" अशी हाक यायची. मी त्या हाकेची वाट पाहत होतो. तेवढ्यात चाकानं खड्डा खणून घेतला.

मग खटका आठवला. ओढला. खट्ट झालं. दोन्ही चाकं बांधली गेली, रफिकनं सांगितलं तशी. रेस दिली. आता दोन्ही चाकं सोबत फिरली आणि सोबतच खाली गेली. आधी रेडा एका बाजूनं बसायचा, आता व्यवस्थित, ऐसपैस, एक्सेलपर्यंत बसला. यंत्रानं प्रगती केली हे नाकारता येत नाही.

खाली उतरलो. टायरला माती अशी चिकटली होती की दात दिसत नव्हते. टोपीवाला बरोबर बोलला होता, हे मला त्याच्या तोंडावर सांगावं लागलं नाही एवढंच बरं. आजूबाजूला तुराट्या नव्हत्या. वाकून हातानं माती उकरायला गेलो, कंबर धरली. मुखवटा छातीशी धरून पायी निघावं, तर पुढच्या ओढ्याला गुडघाभर पाणी, आणि माझी चाल म्हणजे दिवेलागणीला ओढाच गाठला असता. एवढ्या सालात मुखवटा कधी चुकला नव्हता. मी तिथंच बंपरवर बसलो. ज्या बाईला मी फक्त एक गोष्ट 'करतो' म्हणून सांगितली होती, तिची ती एक गोष्टही माझ्याच्यानं झाली नाही.

थोड्या वेळानं पांदणीच्या बोरखेडीकडच्या बाजूनं तीन बाया येताना दिसल्या. डोक्यावर तुराट्यांचे भारे. पुढं आक्का, सत्तरीची, काठी न घेता. मागं तिची सून आणि शेजारीण.

इथं एक सांगणं आलं. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडं आकडसासू म्हणतात आणि तिचा मान सासूचा. आमच्या पिढीत जवाई आणि आकडसासू समोरासमोर बोलत नसत. चाळीस वर्षांत आक्का माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मी तिच्याशी नाही. एकाच ओसरीवर बसून सगळं बोलणं माझ्या बायकोमार्फत. "त्यायले म्हना, भाकर वाढू काय?" "तिले सांग, पुरे." बायको मधे बसून दोघांनाही शिव्या घालायची.

आता आक्का माझ्या समोर दहा हातांवर उभी राहिली, पदर पुढं ओढला, आणि मधे कोणीच नव्हतं. तिनं जीपकडं पाहिलं. मग डाव्या सीटवरच्या गाठोड्याकडं. तिचं तोंड थोडं हललं. मग ती गाठोड्यालाच म्हणाली, "त्यायले सांग, दरखेपी ह्याच बाभळीपाशी फसते. वाट पाहत ओढ्याच्या अलीकडं वावरातच होतो. घुर्रघुर्र आयकू आलं आन् बंद पडलं, तवाच मी तुराट्या बांधल्या."

मीही गाठोड्याकडं पाहूनच म्हटलं, "तिले सांग, यंदा नवीन सामान बसवलं हाय."

"दिसून राहिलं. पयले एक चाक फसे."

सून पदरात हसली. देवीला पोस्टमन केला होता आणि पोस्टमनकडं माझ्या बाजूचं पत्रच नव्हतं.

बायांनी टायरची माती खुरप्यानं काढली, दोन्ही चाकांखाली तुराट्या सारल्या. आक्का डाव्या चाकाखाली काड्या खोचत होती तेव्हा मी पाहिलं, हात तोच होता. मनगट वळवायची तीच पद्धत. मी पलीकडं जाऊन रेडिएटर पाहू लागलो. रेडिएटरला काही झालं नव्हतं.

मग आक्का डाल्यावर चढली. डाव्या कोपऱ्याकडं गेली, थांबली, आणि गाठोड्याला म्हणाली, "त्यायले विचार, कुठं बसू?"

"तिले सांग, आता दोन्ही चाकं बांधेल हायेत. मधी बस म्हना."

ती मधोमध बसली. मी खटका ओढला, रेस दिली. दोन्ही चाकांनी एकदम काड्या धरल्या, कडाकड आवाज झाला, आणि रेडा एका हिसक्यात वर आला. असा की आधी कधी आला नव्हता. लॉकरनं काम केलं, तुराट्यांनी काम केलं. श्रेय सगळं रफिक घेणार, तो शहरात राहतो.

मागून हाक आली, "हां, चालू द्या!"

मी मागं वळून पाहिलं नाही. चालू दिली.

ओढा उतरलो, दिवे लागायच्या आत घर आलं. दारात सुनेनं रांगोळीची पावलं काढलेली होती. कनिष्ठा लुगड्यातून बाहेर निघाली, ज्येष्ठेशेजारी बसली, दोघींना साड्या, दागिने, माझ्या मळ्यातली झेंडूची माळ. आक्कानं लुगड्याची घडी घातली, नाकाशी नेली, आणि परत मला न देता आपल्या पेटीत ठेवली. परत मागायला मधे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सोळा भाज्यांचा वास घरभर, ज्वारीची आंबील शिजून राहिलेली, पुरण वाटणं चालू. आक्का चुलीपाशी होती. सून आंघोळीला गेली होती.

मी ओसरीवर बसलो होतो. मला एक गोष्ट सांगायची होती आणि सवयीनं मी महालक्ष्म्यांकडं पाहिलं. पण आता कनिष्ठा गाठोडं नव्हती, मळवट भरून, माळ घालून जोडीनं बसली होती. तिला निरोप सांगणं बरं दिसेना.

मी उठलो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेलो आणि म्हटलं, "आक्का."

तिच्या हातातला डाव आंबीलीतच थांबला. पाठ माझ्याकडं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला हाक मारली होती.

"पुढच्या साली पाळी माह्या घरी हाय. ज्येष्ठा घिऊन येजा. मी न्याले येईन. भाज्या कोन्या कोन्या लागते ते आताच सांगून ठेवा, मले येत नाही."

मग डाव परत हलू लागला.

"जवाईबुवा," ती भिंतीकडं पाहत म्हणाली, "आमची लहानी सुमी आंबीलीत आलं जास्त टाके. तुमी नोका टाकू."

"बरं."

मग मी परसात गेलो. उरलेल्या तुराट्यांचे दोन भारे उचलले. एक बाभळीच्या वळणापाशी नेऊन आमच्या दोन्ही खड्ड्यांत पसरला, पायानं दाबला. दुसरा रेड्याच्या डाल्यात ठेवला. मधोमध ठेवायला पाहिजे होता, दोन्ही चाकं आता बांधलेली आहेत. मी डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि दोरीनं बांधला.